मला भूक नाही

खाण्यावर ज्यांना चांगले लिहिता येते ते बहुधा चांगले खाणारे नसतात, आणि जे चांगले खाणारे असतात त्यांना लिहायला सवड नसते, असे मी पुष्कळ दिवस मानत आलो. मी स्वतः दोन्ही पंथांत थोडाथोडा आहे. शिक्षण मॅट्रिकवर थांबले, तरी पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात लहान मुलांना अक्षरे गिरवायला शिकवण्याचे काम मिळाले. मुले घरी गेल्यावर जो वेळ उरतो त्यात तीन कादंबऱ्या लिहून झाल्या. त्यातूनही जो वेळ उरतो त्यात मी खातो. गेल्या हिवाळ्यात नगरला भरलेल्या खाद्यजत्रेला मी गेलो तो शिक्षक म्हणून नव्हे की लेखक म्हणूनही नव्हे. गेलो तो ह्या तिसऱ्या नात्याने.

नगर म्हणजे अहमदनगर. 2024 साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई होळकर ह्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या, तेव्हा माहेरच्या मुलखाला लेकीचे नाव मिळाले, असे म्हणायचे. पण एस.टी.त बसल्यावर कंडक्टरकडे पैसे देताना आम्ही अजून ‘एक नगर’ एवढेच म्हणतो, आणि तोही बिचारा तेवढ्यावर तिकीट फाडतो.

जत्रा होती बचत गटांच्या बायकांची. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस सावेडीच्या मैदानावर मांडव पडलेला. एका बाजूला पापड, कुरडया, गोधड्या, टोपल्या नि मसाले, आणि दुसऱ्या बाजूला नुसते खाणे. आमच्या गावच्या गटालाही एक गाळा मिळाला होता. गटाची अध्यक्षीण आमच्या घरातच असल्यामुळे कामाची वाटणी स्वयंपाकघरातच ठरली. सौभाग्यवतींकडे गल्ला नि हिशेब. आईकडे शेंगोळे. माझ्याकडे, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘लागेल ते’.

शेंगोळे ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे पीठ घालायचे. लसूण, जिरे, तिखट, हळद, मीठ घालून ते घट्ट मळायचे. दोन तळव्यांत वळून त्याची करंगळीएवढी दोरी करायची आणि तिचे वेटोळे करून ते फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. वेटोळी शिजतात, त्यांचे पीठ थोडे थोडे सुटते आणि पाण्याचा आपोआप दाट रस्सा होतो. वेगळी भाजी नको, वेगळी आमटी नको. ज्या मुलखात भाजी पिकत नाही तिथल्या बाईने काढलेली ही युक्ती आहे. हुलगा कमी पाण्यात येतो. आमच्याकडे इतर काही येवो न येवो, तो येतो.

शुक्रवारी संध्याकाळी मी सगळी जत्रा एकदा फिरून पाहिली. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या एका टोकाला अकोल्याचे डोंगर, तिथे कळसूबाईचे शिखर आणि धो धो पाऊस, तर दुसऱ्या टोकाला आमच्यासारखे आभाळाकडे बघत बसलेले लोक. गाळ्यांपुढची ताटे पाहून कोणत्या तालुक्यात किती पाऊस पडतो ते ओळखता येत होते. अकोल्याच्या बायकांकडे काळभाताचा वास नि नाचणीच्या भाकरी. त्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जुने बियाणे जपले आणि 2020 सालची पद्मश्री मिळवली. त्या गाळ्यावरच्या बायका ही गोष्ट आपल्या घरची असल्यासारखी सांगत होत्या. पुढे मासवडी, डाळीच्या पिठाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरून केलेली, नावात मासा असलेली आणि माशाचा काट्याएवढाही संबंध नसलेली. त्यापुढे कर्जत-जामखेडकडची शिपी आमटी, काळीभोर, झणझणीत, बाजरीची भाकरी चुरून खायची. एका कोपऱ्यात शेणीच्या आगटीत ज्वारीची कणसे भाजून हुरडा चोळून देत होते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी काढलेले ‘फुले मधुर’ नावाचे वाण आहे, ही माहिती मला कणसे चोळणाऱ्या एका काकांनी दिली आणि तळहातावर गरम दाणे ठेवून ती पटवूनही दिली.

आमच्या गाळ्यावर तोवर पहिले भांडण झाले होते. एका ताटात सहा शेंगोळे, एक भाकरी, कांदा नि ठेचा, भाव ऐंशी रुपये, असे गटाच्या बैठकीत ठरले होते. पण वाढायला आई बसली की सहाचे आठ होत, आठाचे दहा होत. गिऱ्हाईक ‘पुरे’ म्हणाले की ती हमखास आणखी दोन घाली.

‘‘आत्याबाई, मोजून वाढा ना,’’ सौभाग्यवती हळूच म्हणाल्या. ‘‘पीठ पुरायचं नाही तीन दिवस.’’

‘‘मोजूनच वाढतीया,’’ आई म्हणाली आणि पुढच्या ताटात नऊ वाढले.

शनिवारी सकाळी मी ‘लागेल ते’ ह्या पदाचा राजीनामा न देताच गाळ्यावरून निसटलो. माळीवाड्यात विशाल गणपतीला नमस्कार केला, जवळच्या एका हॉटेलात मिसळ खाल्ली आणि भुईकोट किल्ल्याकडे निघालो. हा किल्ला डोंगरावर नाही. सपाट जमिनीवर, गोल, भोवती खंदक. निजामशाहीने बांधला, चांदबिबीने लढवला, आणि आता तो लष्कराच्या ताब्यात आहे.

शाळेत इतिहास शिकवताना कोणी काय जिंकले ते आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. कोणी काय खाल्ले ते विचारीत नाही. ह्या किल्ल्यापुढे मात्र दोन गोष्टी आठवतात आणि दोन्ही खाण्यापिण्याच्या आहेत. 1803 च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने शिंद्यांच्या ताब्यातली नगरची पेठ एका सकाळी घेतली आणि चार दिवसांत किल्लाही घेतला. ते पाहून एका मराठी सरदाराने आपल्या स्नेह्यांना कळवले, की हे इंग्रज अजब लोक आहेत. सकाळी आले, तट पाहिला, त्यावरून चढून गेले, आतली शिबंदी कापली आणि न्याहारीला परत गेले! सरदाराला आश्चर्य वाटले ते लढाईचे नव्हे, न्याहारीचे.

दुसरी गोष्ट 1942 सालची. ‘चले जाव’च्या ठरावानंतर काँग्रेसच्या बारा पुढाऱ्यांना ह्या किल्ल्यात आणून ठेवले. नेहरूंनी इथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे सगळ्यांना माहीत आहे. मौलाना आझादांनीही इथे पत्रे लिहिली, टपालात कधीच न पडलेली. ती पुढे ‘गुबार-ए-खातिर’ ह्या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत चहाचे वर्णन येते. पहाटे सगळे झोपलेले असताना उठून, स्वतःच्या हाताने केलेला, जाईच्या वासाचा, बिनदुधाचा चिनी चहा. चहात दूध घालणाऱ्या आपल्यासारख्यांची त्यांनी चांगलीच हजेरी घेतली आहे. पुढाऱ्यांच्या त्या खोल्या पाहताना वाटले, कैदेत माणसाच्या हाती काय उरते? आपल्या हाताने केलेला एक पेला चहा. तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

बाहेर आल्यावर मी एका हातगाडीशी दुधाचाच चहा प्यालो. मनात आले, आझादांनी आपला चहा स्वतः केला, म्हणून तो कोणी केला हे आपल्याला कळले. वेलस्लीची न्याहारी कोणी रांधली, हे काही त्या सरदाराने कळवलेले नाही. ही कल्पना मला फार आवडली. पुढेमागे एखाद्या लेखात घालता येईल म्हणून मी ती तिकिटाच्या मागे लिहून ठेवली, कापड बाजारात गरम जिलबी खाल्ली, पान लावून घेतले आणि चार वाजता गाळ्यावर परतलो.

‘‘जेवण झालेलं दिसतंय,’’ माझे लाल ओठ पाहून सौभाग्यवती म्हणाल्या. आईने सकाळपासून काही खाल्ले आहे का, हे मी विचारले नाही. तिकिटाच्या मागे लिहिलेली ती कल्पना तेव्हा माझ्या खिशातच होती.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगायला जीभ रेटत नाही; पण ती सोडून बाकीचे सांगितले तर हा लेख खोटा होईल.

संध्याकाळी गर्दी ऐन भरात असताना एक बाई आमच्या गाळ्याशी आल्या. बरोबर त्यांचे यजमान. दोघेही शिकलेले, पोशाख साधा पण उंची. गाळ्यावर गावाचे नाव वाचून त्यांनी माझे नाव विचारले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी माझी दुष्काळावरची कादंबरी वाचली होती. माझ्यासारख्या लेखकाला असा वाचक वर्षातून एकदा भेटतो. मी टोपी नीट केली.

‘‘त्यातल्या आईचा मृत्यू वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते,’’ बाई म्हणाल्या. ‘‘इतकी खरी बाई! कोणावरून घेतलीत?’’

माझ्यापासून चार हातांवर आई बसलेली होती. डोक्याला गाळ्यावर सक्तीची ती प्लास्टिकची टोपी, कोपरापर्यंत पीठ, लुगड्याचा ओचा ओला. थोड्याच वेळापूर्वी पाण्याच्या जारवरून तिने शेजारच्या गाळ्याशी कचकचीत भांडण केले होते, आणि त्याचा आवाज अजून माझ्या कानात होता. कादंबरीतली खडी फोडणारी आई, मिलोची तांबडी भाकरी थापणारी आई, सुकडीचा घास पदरात बांधून आणणारी आई, ह्या सगळ्या तिच्याच गोष्टी. लहानपणी रात्री तिने सांगितलेल्या, मी शब्दही फारसे न बदलता उतरवलेल्या.

‘‘तशी कोणी नाही,’’ मी म्हणालो. ‘‘काल्पनिकच आहे.’’

बाईंनी मान डोलावली. मग शेंगोळ्याचा रस्सा चाखून त्या आईकडे वळून म्हणाल्या, ‘‘ह्यांच्या हाताला काय चव आहे! तुमच्या गावच्याच का?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘गावच्याच.’’

आईने मान वर केली नाही. बाईंच्या ताटात तिने दोन शेंगोळे जास्त वाढले.

रात्री बायका जवळच्या एका शाळेत झोपायला गेल्या नि भांडी राखायला मी गाळ्यात राहिलो. थंडी फार होती. मी गोधडीत पडून स्वतःशी बाजू मांडत होतो. लेखकाने पात्राचे मूळ सांगू नये, असे मोठे मोठे लेखक सांगतात. गर्दीत ओळखी करून देत बसायला वेळ नव्हता. एकेक कारण बिनतोड होते. तरी पहाटेपर्यंत झोप लागली नाही.

रविवारी सकाळी आई हात धुऊन माझ्यापुढे उभी राहिली. ‘‘मला गंज बाजारात घिऊन चल. घंटाभरात येऊ.’’

तिने आजवर माझ्याकडे असे काही मागितल्याचे आठवत नाही. आम्ही रिक्षा केली. गंज बाजारात उतरल्यावर ती एकेका दुकानापुढे थांबून वर बघू लागली. पाट्या तिला वाचता येत नाहीत, ती माड्या पाहत होती. दोनदा ती गल्ली वरखाली चाललो. शेवटी एका बंद फळीपुढे ती उभी राहिली. ‘‘हितंच आसंल,’’ म्हणाली. मग थोड्या वेळाने, ‘‘नसंल बी.’’

‘‘काय होतं इथं?’’

‘‘भांड्याचं दुकान. आप्पांनी हितं आमचा हंडा इकला. घंगाळ बी.’’

1972 साली ती चौदा वर्षांची होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, हे मला माहीत होते. हंड्याची गोष्ट तिने कधी सांगितली नव्हती. माझ्या कादंबरीतही ती नाही. पहाटे निघून अर्धी वाट पायी नि अर्धी कोणाच्या तरी ट्रकमधून ती वडिलांबरोबर नगरला आली होती, डोक्यावर घंगाळ घेऊन. दुकानदाराने पितळ तागडीत टाकले, पैसे मोजून दिले. ते पैसे दाण्यांसाठी होते. परत निघताना वाटेत एका दुकानाशी आप्पा थांबले.

‘‘चार आण्याची गोडीशेव घेतली त्यांनी,’’ आई म्हणाली. ‘‘पुडी माझ्या हातात दिली. म्हनले, तू खा बाय, मला भूक न्हाई. म्या खाल्ली. समदी खाल्ली. घरी पोचस्तवर रात झाली. तवा आप्पा रांजणापाशी बसले न् चार तांबे पानी पेले. येकामागं येक. तवा मला कळलं.’’

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. ती जाईपर्यंत ती थांबली.

‘‘चौदा वर्सांची घोडी व्हते म्या. येवढं कळाया पायजेल व्हतं. तवापासून कुनी ‘पुरे’ म्हनलं, ‘भूक न्हाई’ म्हनलं, का माझा हात थांबत न्हाई. तुझी बायको म्हनती मोजून वाढा. कसं मोजू?’’

मला काय बोलावे ते सुचेना. समोरच्या दुकानात परातीत गोडीशेव रचलेली होती, गुळाच्या पाकात घोळलेली, जत्रेत मिळते तशीच. मी पाव किलो घेतली. पुडी तिच्या हातात दिली आणि ज्याच्यासाठी रात्र जागून काढली ते एकदाचे बोलून टाकले.

‘‘आई, काल त्या बाईंना मी खोटं सांगितलं.’’

‘‘ऐकलं म्या.’’

‘‘चुकलं माझं.’’

तिने पुडीची दोरी सोडली. एक कांडी तोंडात टाकली, चघळून पाहिली. ‘‘पुस्तकात तर मारूनच टाकलंस की मला. पोरीनं वाचून दावलंय. म्हातारी मेली तवा पोरगी रडाया लागली, मीच तिला गप केलं.’’ आणि मग, अगदी सरळ चेहऱ्याने, ‘‘मेलेल्या बाईची वळख कशी करून देनार तू तरी?’’

भर बाजारात मला हसूही आले आणि डोळ्यांत पाणीही आले. तिने पुडी माझ्यापुढे धरली.

‘‘नको,’’ मी म्हणालो. ‘‘मला भूक—’’

शब्द अर्ध्यावरच राहिला. ती माझ्याकडे बघत होती. मी हात पुढे केला. तिने त्यावर मूठभर शेव ठेवली, आणि वर आणखी एक मूठ.

परत आल्यावर मी तिला चुलीकडे जाऊ दिले नाही. अकोल्याच्या गाळ्यावर नेऊन खुर्चीवर बसवले आणि काळभाताचे एक ताट मागवले. दुसऱ्या कोणी रांधलेले, गरम, बसून खाताना मी तिला माझ्या आठवणीत प्रथमच पाहत होतो. ती पाहुण्यासारखी अवघडून बसली होती. भात किती शिजवला, पाणी किती घातले, हे तिने वाढणाऱ्या बाईला दोनदा विचारले. ताट मात्र पुसून खाल्ले. तेवढ्या वेळात आमच्या गाळ्यावर शेंगोळे मी वळत होतो. ते कसे झाले ते विचारू नये. एकाचेही वेटोळे शेवटपर्यंत टिकले नाही. ‘‘हे शेंगोळे नव्हेत, शेवया आहेत,’’ असा शेरा सौभाग्यवतींनी मारला आणि ते सगळे स्वतः फिरून वळले.

दुपारी एका तरुण गिऱ्हाइकाने रस्सा ओरपत विचारले, ‘‘झकास! कोणी केलेत?’’

‘‘माझ्या आईने,’’ मी म्हणालो, जरा मोठ्याने.

त्याने ‘छान’ म्हटले, मोबाइलवरून पैसे भरले नि तो निघून गेला. एवढेच. आभाळ कोसळले नाही की टाळ्या पडल्या नाहीत. आदल्या दिवशीही हे इतकेच सोपे होते. त्या बाई पुन्हा येतील म्हणून मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. त्या आल्या नाहीत. हे वाचन त्यांच्या दृष्टीस पडलेच, तर त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यांना ह्यात मिळेल.

पीठ रविवारी पाच वाजता संपले. अंधार पडल्यावर टेम्पोत रिकामी पातेली, पराती नि आम्ही सगळे चढलो. सौभाग्यवती मागे कंदिलाएवढ्या उजेडात गटाचे पैसे मोजत होत्या. हिशेब दोनदा केला. ताटे कमी नि पैसेही त्या मानाने कमी, पण तोटा नव्हता. ‘‘आत्याबाईंनी मोजून वाढलं असतं तर,’’ एवढे म्हणून त्या थांबल्या. गंज बाजाराची हकिकत मी त्यांना तोवर सांगितली होती.

मी नि आई पुढे बसलो होतो. सुप्याच्या अलीकडे आईने कनवटीची पुडी काढली. उरलेली गोडीशेव तिने मागे बायकांना वाटायला दिली, मला दिली आणि मग टेम्पोवाल्यापुढे हात केला. सकाळपासून मांडवाबाहेर गाडी घेऊन थांबलेला तो पोरगा विशीतला असेल.

‘‘नको आजी,’’ तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. ‘‘भूक नाही मला.’’

आईने पुडी पुन्हा उघडली. त्याच्या मांडीवरच्या रुमालात एक मूठ टाकली. आणि मग आणखी एक.